गहाण पडलेल्या जिल्ह्याचं अर्थशास्त्र

धाराशिव जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला दारिद्र्याचं प्रकरण इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा जड जातं. मागणीचा वक्र, गुणक, चलनवाढ हे फळ्यावर काढून समजावता येतं. दारिद्र्य मात्र समोरच्या बाकांवर बसलेलं असतं. ते का आहे, असं विचारलं की प्रत्येक तुकडीत एकच उत्तर येतं: पाऊस नाही. बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत वाढलेल्या मुलांनी दुसरं काय म्हणावं? 2018 मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर आपला जिल्हाही आला, आणि जिल्हा मुळातच मागास ही समजूत आणखी घट्ट झाली. पाऊस हे कारण खोटं नाही. पण ते अपुरं आहे, आणि अपुरं कारण शिकवलं की विद्यार्थी आपल्या गरिबीकडे आभाळाची करणी म्हणून बघायला लागतो. आभाळाला जाब विचारता येत नाही. हे प्रकरण वर्षानुवर्षं शिकवून माझं एक मत पक्कं झालं आहे. दारिद्र्याचा विचार ‘पिकलं किती’ इथून सुरू करण्याऐवजी ‘पिकलेल्यावर पहिला हक्क कुणाचा’ इथून सुरू करायला हवा. हा प्रश्न नेटानं आणि पुराव्यानिशी विचारायची शिस्त ज्या अभ्यासानं घालून दिली, तो म्हणजे गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीयांचा आर्थिक इतिहास. तो आपल्या जिल्ह्यातल्या वर्गात शिकवणं म्हणजे परदेशी विषयाची हौस भागवणं आहे, असं अनेकांना वाटतं. मला तो इथल्या मातीतला विषय वाटतो, आणि त्याची कारणं सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी पावसाचं पाहू. तेर हे गाव याच पठारावर, तेरणा नदीच्या काठी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते तगर या नावानं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाहून मलमल आणि तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, असं त्यात नोंदलं आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. तेव्हाही हा भाग पर्जन्यछायेतच होता. कोरडवाहू पठारावर कापूस पिकत होता, सूत निघत होतं, विणकर होते आणि तयार माल समुद्रापार जात होता. म्हणजे पावसानं या भागाच्या नशिबी कच्चा माल आणि मजूर पुरवणं एवढंच लिहून ठेवलेलं नव्हतं. मधल्या काळात काय बदललं, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा नळदुर्गाच्या किल्ल्यात पडलेला आहे.

21 मे 1853 रोजी हैदराबादचा निजाम नासिरुद्दौला आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात एक करार झाला. त्यानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग जिल्हा, म्हणजे आजच्या धाराशिवचा मोठा भाग, कंपनीच्या ताब्यात गेला. लढाई झाली नव्हती, बंड झालं नव्हतं. निजामावर कंपनीचं कर्ज होतं आणि ते फिटत नव्हतं, एवढंच कारण. कर्ज कशाचं, तर ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेच्या खर्चाचं. तहाप्रमाणे युद्धाच्या वेळी निजामानं कंपनीला सैन्य पुरवायचं होतं. प्रत्यक्षात ही फौज शांततेच्या काळातही कायम उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, त्यांचे पगार भरघोस, हुकूम कंपनीचा आणि बिल निजामाच्या खजिन्यावर. बिल भागवण्यासाठी दरबारानं आधी हैदराबादेतल्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजानं पैसा उचलला आणि पुढे कंपनीच सावकार झाली. अशी फौज कायम पोसायला निजाम तहानं बांधलेला नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीनं आपल्या टिपणात मान्य केलं होतं. तरीही वसुली झाली, आणि ती मुलखाच्या रूपात झाली. नळदुर्गचा कारभार कर्नल मेडोज टेलरकडे आला. ‘ठगाची जबानी’ लिहिणारा म्हणून मराठी वाचकांना तो माहीत आहे. त्यानं इथं जमिनीची पाहणी आणि सारा-आकारणी हाती घेतली. माणूस कष्टाळू होता, रयतेबद्दल त्याला आपुलकीही होती. पण त्याच्या हातून गोळा झालेल्या महसुलावर पहिला हक्क त्या फौजेच्या पगाराचा होता. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले आणि सुमारे 50 लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड परत आलं नाही.

या व्यवहारात तुळजापूरच्या किंवा लोहाऱ्याच्या कुणब्याला कुणी विचारलं नव्हतं. कर्ज त्यानं घेतलं नव्हतं, फौज त्याच्या रक्षणासाठी नव्हती, करारावर त्याचा अंगठा नव्हता; फेड मात्र त्याच्या ज्वारीतून झाली. दादाभाई नौरोजींनी 1867 पासून संपत्तीच्या ज्या निःसारणाचा सिद्धांत मांडला, त्याचा हा जिल्ह्यापुरता, हिशेबासकट सापडणारा नमुना आहे. पण नौरोजींचा सिद्धांत विद्यार्थ्याला ‘भारत आणि इंग्लंड’ एवढ्या मोठ्या मापात भेटतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. त्याच्या शेजारी हैतीचं प्रकरण ठेवलं की विद्यार्थी हलतो. हैतीतल्या गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. 1825 मध्ये फ्रान्सच्या राजानं युद्धनौका पाठवल्या आणि मान्यता हवी असेल तर 15 कोटी फ्रँक भरा, अशी अट घातली. जुन्या मळेवाल्यांची ‘मालमत्ता’ गेली होती ना, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती. 1838 मध्ये रक्कम 9 कोटींवर आली, पण पहिला हप्ता भरायलाच फ्रेंच बँकांचं कर्ज काढावं लागलं, आणि त्यातून निघालेली कर्जं फेडता फेडता 1947 साल उजाडलं. ब्रिटननं 1833 मध्ये गुलामगिरी रद्द केली तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई दिली; ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यासाठी उभारलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश करदात्यांनी 2015 मध्ये फेडला. कृष्णवर्णीयांच्या इतिहासानं अर्थशास्त्राला शिकवलेली गोष्ट ही आहे: कर्ज दिसलं की रक्कम आणि व्याजाचा दर यांच्याआधी ते कुणी काढलं, कुणासाठी काढलं आणि कुणाच्या अंगावर टाकलं हे बघायचं. हैतीतला गुलाम आणि नळदुर्गचा कुणबी यांची दुःखं एका मापाची होती असं मी म्हणत नाही. कुणब्याला बाजारात विकलं जात नव्हतं. पण जबरदस्तीच्या कर्जातून राज्याच्या उत्पन्नावर परक्याचा पहिला हक्क बसवायची रीत दोन्हीकडे एकच होती.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सात वर्षं सोडली तर आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मग वसाहतवादाचं खापर इंग्रजांवर कसं फोडता? शिवाय अर्थतज्ज्ञ लक्ष्मी अय्यर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दाखवलं आहे की थेट ब्रिटिश अमलाखाली राहिलेल्या भागांत स्वातंत्र्यानंतर शाळा, दवाखाने आणि रस्ते यांची उपलब्धता संस्थानी भागांपेक्षा कमी होती. या निष्कर्षाप्रमाणे आपण सुदैवी ठरायला हवं होतं. मी हा अभ्यास विद्यार्थ्यांपासून लपवत नाही, कारण तो देशभराची सरासरी सांगतो आणि मराठवाडा त्या सरासरीत का बसत नाही हाच चांगला प्रश्न आहे. उत्तराची सुरुवात अशी करता येते. हैदराबाद संस्थानात जमिनीचा फार मोठा हिस्सा जहागिरींत आणि निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फ-ए-खासमध्ये होता. तिथला महसूल लोकांच्या सोयींसाठी खर्च करायला कुणी बांधील नव्हतं. जहागिरी रद्द व्हायला 1949 उजाडावं लागलं. पण ही सरंजामी रचना इतकी वर्षं टिकली ती काय निजामाच्या बळावर? तिच्या पाठीशी कंपनीची आणि नंतर ब्रिटिश सरकारची फौज होती. रयत उठली तर दाबायला फौज तयार आणि राजा कर्जात, म्हणजे त्याला ना लोकांना विचारायची गरज, ना सुधारणेला पैसा. परक्याचा अंमल थेट नसला तरी त्याची सावली अर्थव्यवस्थेवर कशी पडते, याचं हैदराबाद हे उदाहरण आहे. निजामाला आणि जहागिरदारांना यातून सूट मिळत नाही. दोघांचाही हिशेब मांडायचा, एवढंच.

दुसरा आक्षेप आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून येतो. गुलामगिरी काय गोऱ्यांनीच आणली? परांड्याच्या किल्ल्याचंच बघा. ऑगस्ट 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, त्यानंतर निजामशाहीची गादी परांड्याला आली आणि तिथं मूर्तझा निजामशहाला तख्तावर बसवणारा मलिक अंबर हा हबशी होता. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादसारख्या बाजारपेठांतून हात बदलत दख्खनला आलेला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. तो चंगीजखान स्वतःही हबशीच. पुढे मलिक अंबर राज्याचा कर्ताधर्ता झाला, 1624 मध्ये भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, आणि 1626 मध्ये मरेपर्यंत दिल्लीला दख्खन गिळू दिलं नाही. म्हणजे गुलामगिरी इथं होतीच, ही गोष्ट खरी आहे. पण त्याच वेळी अटलांटिकपलीकडे विकलेला आफ्रिकी माणूस मळ्याचा मालक किंवा प्रांताचा सुभेदार झाला नाही, त्याची मुलंही गुलामच राहिली. हा फरक का पडला, याचं उत्तर धर्मात किंवा स्वभावात शोधण्याआधी अर्थशास्त्रात शोधावं. दख्खनचे सुलतान हबशी विकत घेत ते निष्ठेसाठी. इथल्या सरदारघराण्यांच्या भाऊबंदकीत ज्याचं कुणी नाही असा, केवळ धन्याशी बांधलेला शूर माणूस त्यांना हवा असे. अशा माणसाला बढती देण्यात धन्याचाच फायदा होता. कॅरेबियन बेटांवरच्या मळेवाल्याला निष्ठा नको होती, ऊस तोडणारे हात हवे होते, आणि ते हात कायम स्वस्त राहावेत म्हणून त्या माणसाची आणि त्याच्या पोराबाळांची वाढ रोखून धरणं मळ्याला फायद्याचं होतं. 1944 साली त्रिनिदादच्या एरिक विल्यम्स यांनी ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ या ग्रंथात हेच ठासून मांडलं: वंशद्वेषातून गुलामगिरी जन्मली नाही, गुलामगिरीच्या गरजेतून वंशद्वेष पोसला गेला. विल्यम्स यांच्या सगळ्या आकड्यांशी आज सगळे सहमत नाहीत. पण मजुराची किंमत ठरवताना त्याला काय नाकारलं जातं हेही मोजायचं, ही दृष्टी त्यांनी आणि त्यांच्या परंपरेनं दिली.

परांड्याचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. मलिक अंबरला आपण गनिमी काव्यासाठी आठवतो, पण दख्खनच्या अर्थकारणावर त्याचा ठसा उमटला तो जमीनमहसुलाच्या बंदोबस्तानं. महसूल गोळा करण्याचे मक्ते बंद करून, जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकारणी करण्याचं श्रेय त्याला दिलं जातं, आणि 1818 नंतर इथं आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही आपली पद्धत बसवताना त्या बंदोबस्ताचा विचार करावा लागला. महाराष्ट्राच्या महसूल-इतिहासातला एक पायाभूत प्रशासक आफ्रिकी होता, हे अर्थशास्त्राच्या पदवीधराला माहीत असायला हवं.

पण या सगळ्याचा वर्गातल्या विद्यार्थ्याशी सगळ्यात जवळचा संबंध कुठे लागत असेल तर तो उसाच्या फडात. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परांड्याकडच्या अनेक घरांतली माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्यांना पावसाळ्यातच, घरात पैसा नसतो तेव्हा, उचल देतो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडायची. आजारपणानं किंवा बाळंतपणानं काम चुकलं की खाडा मांडला जातो. शेवटी हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या अंगावर बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षावर जाते. वही मुकादमाकडे, वजन कारखान्याच्या काट्यावर. आता अमेरिकेच्या दक्षिणेत 1865 नंतर काय झालं ते बघा. गुलामगिरी घटनेनं रद्द झाली. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शेर्मननं मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन द्यायचा हुकूम काढला होता; राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं वर्ष संपायच्या आत ती जमीन जुन्या मालकांकडे परतवायला सुरुवात केली. भूमिहीन माणूस पुन्हा त्याच मालकाच्या रानात बटाईनं आला. बी, खेचर, पीठ, कापड सगळं मालकाच्या दुकानातून उधार, उभं पीक तारण, हिशेब हंगामाअखेर, वही मालकाची. कापसाचं वजन झालं की बाकी निघायची आणि माणूस पुढच्या वर्षालाही बांधला जायचा. साखळी गेली आणि तिचं काम वहीनं उचललं. अमेरिकी कृष्णवर्णीय अभ्यासक दू बॉईस यांनी 1935 मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये या काळाचा जो अर्थ लावला, तो वाचल्याशिवाय आपल्याकडच्या उचलीचं अर्थशास्त्र पुरतं उलगडत नाही.

हे साम्य ओढूनताणून आणलेलं आहे, असं म्हणणाऱ्यासाठी कायद्याचा पुरावा देतो. अलाबामात एक कायदा होता: मजुरानं आगाऊ पैसे घेऊन काम सोडलं तर त्याचा हेतू फसवणुकीचाच होता असं धरून त्याला शिक्षा करायची. अलोन्झो बेली या कृष्णवर्णीय मजुरानं 15 डॉलर आगाऊ घेतले होते. त्याचा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1911 मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरला. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात 1859 पासून अगदी याच बेताचा कायदा होता: उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून कामावर परत पाठवायचा. तो 1925 मध्ये रद्द करण्याचं ठरलं. कर्ज बुडवणं हा दिवाणी मामला. पण कर्जदार मजूर असला की त्याचा गुन्हा करायचा, ही वृत्ती दोन्ही खंडांत एकाच काळात रुजवली गेली, आणि मुकादम अजूनही उचल बुडवणाऱ्यावर फसवणुकीची तक्रार करायला जातो तेव्हा ती मेलेली नाही हे कळतं. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधून घेतलेलं श्रम गुन्हा ठरवलं. 1982 मध्ये एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचं काम हे सक्तीचंच श्रम मानलं. कायदा आहे, निकाल आहे. फडापर्यंत दोन्ही पोचलेले नाहीत.

यावर जाणकार शेतकरी आणि कधीकधी विद्यार्थीही म्हणतात की उचल कुणी बळजबरीनं देत नाही. बँक दारात उभं करत नाही तेव्हा लग्नाला, दवाखान्याला मुकादमच पैसा देतो. शिवाय किती टोळ्या उचल घेऊन पळतात आणि किती मुकादम कर्जबाजारी होऊन बसतात तेही बघा. हे सगळं खरं आहे. मुकादमाला मी खलनायक मानत नाही; तोही कारखान्याच्या आणि वाहतूकदाराच्या पैशाखाली दबलेला असतो. मुद्दा व्यक्तीच्या वाईटपणाचा नाहीच. मुद्दा असा की मजुरीचा दर ठरण्याची वेळ आणि जागा या कर्जानं बदलते. हंगामात मजुरांची टंचाई असते, तेव्हा भाव वाढायला हवा. पण उचल घेतलेल्या कोयत्याला त्या टंचाईचा फायदा घेता येत नाही, कारण त्याचं श्रम जुलै-ऑगस्टमध्येच, सगळ्यात अडलेल्या घडीला विकलं गेलेलं असतं. पुरवठा-मागणीचा नियम इथं मोडत नाही, मोलमजुरी करणाऱ्याच्या बाजूनं तो बंद केला जातो. स्वेच्छेनं सही केली म्हणून व्यवहार मोकळा ठरत नाही; दक्षिणेतल्या बटाईदारानंही सही केलीच होती.

यातूनच सेंट लुशिया बेटावर जन्मलेले आर्थर लुईस विद्यार्थ्यांना नीट भेटतात. इंजिनिअर व्हायची इच्छा होती, पण काळ्या माणसाला त्या कामात नोकरी मिळणार नव्हती म्हणून ते अर्थशास्त्राकडे वळले. 1979 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1954 च्या त्यांच्या निबंधातलं श्रमाच्या अमर्याद पुरवठ्याचं प्रतिमान आपल्या अभ्यासक्रमात आहे, ते मात्र लेखकाचा देश आणि रंग पुसून. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, उद्योग वाढले की ती तिकडे जातात, आणि हा साठा संपला की मजुरी वाढू लागते, हे त्याचं सूत्र. याच्या छत्तीस वर्षं आधी, 1918 मध्ये, कोलंबिया विद्यापीठातून परतलेल्या डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात शेतीतलं बिनकामाचं श्रम हेच खरं दुखणं आहे आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण आहे, असं मांडलं होतं. एक कॅरेबियन साखरबेटावरचा, एक महार कुटुंबातला; दोघांनाही श्रमाचा अपव्यय आतून दिसला होता, असं मला वाटतं. धाराशिवात या प्रतिमानाला पुरवणी जोडावी लागते. इथलं श्रम शेतीतून उद्योगाकडे जातं खरं, पण सहा महिन्यांसाठी, कर्जाच्या दोरीनं, आणि पावसाळ्यात पुन्हा कोरडवाहू रानात परततं. मजुरी वाढायचा तो टप्पा येतच नाही. ही पुरवणी आपल्याच विद्यार्थ्यांनी आकड्यांनिशी लिहायला हवी.

जात आणि वंश यांची तुलना हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे, हा आक्षेप तर मराठी माणसानं घेऊच नये. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत नीग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. 1946 मध्ये आंबेडकरांनी दू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. तुलना म्हणजे दोन्ही एकच मानणं, असं आंबेडकरांनीही कधी केलं नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता म्हणून त्याला जगवण्यात तरी मालकाचा स्वार्थ असे, अस्पृश्याबाबत समाजावर तेवढीही जबाबदारी नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा शुद्ध आर्थिक युक्तिवाद आहे. आणि तो आपल्या जिल्ह्याला परका नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब तिला आले. वतन म्हणजे गावाचं पिढीजात काम, मोबदला तुटपुंजा, नकार द्यायची मुभा नाही. 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं. पुढे लातूरला, जे 1982 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. साहित्याच्या विभागानं जे केलं, ते अर्थशास्त्राच्या विभागानं अजून केलेलं नाही, ही आमची, म्हणजे शिक्षकांची, उणीव आहे.

हा इतिहास झाला, अर्थशास्त्र नव्हे, असं म्हणणाऱ्यांना आता विषयानंच उत्तर दिलं आहे. गुलामगिरीच्या आर्थिक इतिहासावरही काम करणारे रॉबर्ट फोगेल यांना 1993 मध्ये नोबेल मिळालं, आणि वसाहतींनी मागे ठेवलेल्या संस्थांमुळे देश श्रीमंत किंवा गरीब का होतात यावरच्या संशोधनाला 2024 मध्ये. नेट-सेटच्या परीक्षार्थ्याचं यात नुकसान काही नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात ब्रिटनच्या गिरण्यांना गुलामांनी पिकवलेला कापूस मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचा भाव भडकला, दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारानं सढळ हातानं पैसा दिला, युद्ध संपताच भाव कोसळला, सारा वाढलेलाच राहिला, आणि 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कर्जरोखे जाळले गेले. पुरवठ्याचा धक्का, किमतीची लवचिकता, पतपुरवठ्याचं चक्र हे सगळं एका गोष्टीत आलं. सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या आजच्या धाराशिवच्या मुलाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: भूतकाळावर सगळं ढकललं की आजचे राज्यकर्ते सुटतात. उलट मला वाटतं, तेच अडचणीत येतात. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादचा अंमल संपला, 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. 1953 च्या नागपूर कराराची आश्वासनं झाली, 1984 मध्ये दांडेकर समितीनं विभागीय अनुशेष मोजून दाखवला, 1994 मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं आणि एप्रिल 2020 मध्ये त्याची मुदत संपली. धाराशिव शहराला रेल्वे दिसायलाही एकविसावं शतक लागलं. जुनी यंत्रणा कुठली आणि ती कधी मोडता आली असती, हे ज्याला नेमकं माहीत असतं, तो विद्यार्थी आजच्या सरकारला पावसाची सबब सांगू देत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासात क्षेत्रीय प्रकल्पाला जागा दिली आहे. तिथं ज्या मुलामुलींच्या घरून कोयता जातो, त्यांना आपल्याच घरचा, नाव न सांगता, उचलीचा हिशेब मांडू द्या: पैसा कुठल्या महिन्यात घेतला, कशासाठी, किती टन तोडला, किती खाडे मांडले, अंगावर काय राहिलं. त्याच्या शेजारी 1853 चा करार आणि बेलीचा खटला वाचायला द्या. पाच वर्षांत या जिल्ह्याकडे आपल्या कर्जाचा असा दस्तऐवज तयार होईल, जो आज कुठल्याही सरकारी कचेरीत नाही. तो लिहायला लागणारी माणसं वर्गात बसलेली आहेत, आणि दिवाळीनंतर त्यांतली काही बाकं रिकामी होणार आहेत. काम त्याआधी सुरू करा.